एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्सचे जुने सामने इतके रटाळ का वाटतात? आणि तरी चाहते या संघावर एवढा जीव का टाकतात?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, की संघाचा आत्ताचा तारा व्हिक्टर वेम्बन्यामामुळे स्पर्स बघायला लागलात, मग हौसेने जुन्या जेतेपदांचे सामने शोधून लावले आणि पहिल्या हाफमध्येच डोळे मिटायला लागले. पैज लावतो, २००५ची फायनल लावली असणार. डेट्रॉइट पिस्टन्सविरुद्धची. सात सामने चालली ती (आधी चार जिंकेल तो विजेता), आणि निर्णायक सातव्या सामन्याचा स्कोअर होता ८१-७४. दोन्ही संघ डिफेन्सचे कट्टर, कुणी कुणाला सुखाने शॉट मारू देईना. मी या संघाचा जुना भक्त, पण ती मालिका पुन्हा अख्खी बघायची माझीही छाती होत नाही. पाचव्या सामन्यातला आमच्या रॉबर्ट हॉरीचा शेवटचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) तेवढा अधूनमधून लावतो. तेव्हा झोप आली त्यात तुमचा दोष नाही. चुकीच्या दारातून आत शिरलात, एवढंच.

‘रटाळ’ हा शिक्का मुळात टिम डंकनमुळे बसला. सहा फूट अकरा इंचांचा माणूस, पण रिंगला लटकून आरडाओरडा करायची हौस नाही. डाव्या बाजूला, बोर्डाशी साधारण तिरक्या कोनात उभा राहायचा, तोंड बास्केटकडे, आणि चेंडू बोर्डावरच्या चौकोनाला हलकेच टेकवून आत टाकायचा. परत फिरायचा. चेहरा तसाच. पुढच्या वेळी पुन्हा तेच. समोरच्या डिफेंडरला कळत असायचं काय येणार आहे, तरी अडवता यायचं नाही. मला यात जी मजा येते ती समजावून सांगणं कठीण आहे. एखादा कारागीर तोच घाव त्याच जागी शंभर वेळा घालतो, ते बघत बसावंसं वाटतं ना, तसं काहीतरी. गंमत म्हणजे चेहऱ्यावर भाव नाहीत म्हणून ज्याला आयुष्यभर हिणवलं, त्याच डंकनला एप्रिल २००७ मध्ये डॅलसविरुद्धच्या सामन्यात पंचांनी बाहेर काढलं होतं, बेंचवर बसून हसल्याबद्दल! नंतर लीगने त्या पंचांनाच उरलेल्या हंगामासाठी घरी बसवलं.

इथे एक कबुली आधीच देऊन टाकतो, नाहीतर कुणीतरी येऊन देईलच. स्पर्सची शिस्त, संस्कृती, दूरदृष्टी याचं आम्ही चाहते जे पुराण सांगतो, त्याच्या मुळाशी शुद्ध नशीब आहे. १९९६-९७ च्या हंगामात संघाचा मुख्य खेळाडू डेव्हिड रॉबिन्सन दुखापतींमुळे फक्त सहा सामने खेळला, संघ ८२ पैकी २० जिंकला, आणि लॉटरीत, म्हणजे नवे खेळाडू निवडायचा क्रम ठरवणाऱ्या चेंडूंच्या सोडतीत, पहिला क्रमांक लागला. त्या वर्षी सगळ्यात जास्त शक्यता बोस्टनची होती. चेंडू जरा वेगळे उसळले असते तर डंकन हिरव्या जर्सीत दिसला असता आणि मी हे उत्तर लिहीत बसलो नसतो. रॉबिन्सन १९८७, डंकन १९९७, वेम्बन्यामा २०२३. तीन वेळा पहिला क्रमांक, आणि तिन्ही वेळा तसला उंच खेळाडू उपलब्ध. याला संस्कृती म्हणत नाहीत.

पण मानू जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) ५७वा होता आणि टोनी पार्कर २००१ मध्ये २८वा. त्या काळी अर्जेंटिना किंवा फ्रान्सच्या पोराकडे बाकीचे संघ नीट बघतही नव्हते. इथे मात्र नशीब नव्हे, डोळे उघडे होते.

माझा खरा जीव जिनोबिलीवर. डावखुरा, किडकिडीत, नाकाचा शेंडा पुढे करून सरळ गर्दीत घुसणारा. दोन ढांगा दोन वेगळ्या दिशांना टाकून डिफेंडरला चकवायची जी युक्ती आज शाळेतली पोरं करतात, ती अमेरिकेत रुळवण्यात त्याचा मोठा वाटा. पायांमधून पास, पाठीमागून पास, कधी थेट प्रेक्षकांत पास. कोच ग्रेग पॉपोविच आधी बाजूला उभा राहून संतापायचा, मग हळूहळू त्याने नाद सोडला. ३१ ऑक्टोबर २००९ ला, ऐन हॅलोविनच्या दिवशी, सामना चालू असताना कोर्टवर एक वटवाघूळ घिरट्या घालू लागलं, तर या पठ्ठ्याने हाताने फटकावून ते खाली पाडलं. मग रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. असा खेळाडू ‘रटाळ’ संघात होता, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

२००४ च्या ऑलिंपिकमध्ये याच माणसाने अर्जेंटिनाला सुवर्ण मिळवून दिलं होतं. दुसऱ्या कुठल्याही संघात तो पहिल्या पाचांत असता. पॉपोविचने त्याला बरीच वर्षं सुरुवातीला बेंचवर बसवलं, कारण दुसऱ्या फळीला चालवणारा कुणीतरी हवा होता. त्याला ते आवडलं असेल असं मला नाही वाटत. पण तो बसला. २००८ मध्ये सर्वोत्तम सहाव्या, म्हणजे बेंचवरून येणाऱ्या, खेळाडूचा किताब मिळाला. डंकन, पार्कर आणि तो मिळून प्ले-ऑफचे, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचे, १२६ सामने जिंकले. आधीचं कुठलंही त्रिकूट तिथवर पोचलं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, म्हणजे जीव का टाकतो. त्यासाठी १८ जून २०१३ बद्दल बोलावं लागेल, आणि मला ते अजूनही फारसं आवडत नाही.

मायामी हीटविरुद्धची फायनल, सहावा सामना. मालिकेत आम्ही ३-२ ने पुढे. सदतिशीचा डंकन त्या दिवशी विशीत गेला होता: पहिल्या हाफमध्ये २५ गुण, सामनाभर ३० गुण आणि १७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं). शेवटची २८ सेकंदं उरलेली आणि आम्ही ९४-८९ असे पाचने पुढे. कोर्टाच्या कडेला कर्मचारी पिवळा दोर घेऊन उभे राहिले, करंडक देताना गर्दी आवरायला. मायामीचे काही प्रेक्षक उठून बाहेरही पडले. मग लेब्रॉन जेम्सचा थ्री हुकला, पण रिबाउंड त्यांच्याच हाती गेला, आणि दुसरा थ्री पडला. आमच्या कवाय लेनर्डने फाउलबद्दल मिळालेल्या दोन फ्री थ्रोंपैकी एक घालवला. त्याच्या आधी जिनोबिलीनेही दोनातला एक घालवलाच होता. तीन गुणांची आघाडी. लेब्रॉनचा पुढचा थ्री हुकला. त्यांच्याच ख्रिस बॉशने रिबाउंड उचलला आणि रे ॲलन मागे न बघता पावलं मागे टाकत उजव्या कोपऱ्यात गेला. तिथून त्याचा थ्री पडला. ५.२ सेकंदं बाकी असताना ९५-९५.

त्या दोन्ही रिबाउंडच्या वेळी डंकन बेंचवर होता. थ्री अडवायला चपळ खेळाडू हवेत म्हणून पॉपोविचने त्याला बसवलं होतं. तर्काने बघितलं तर निर्णय बरोबर, तो वर्षभर तेच करत आला होता. पण १७ रिबाउंड घेतलेला माणूस बसून बघतोय आणि चेंडू बॉशच्या हातात पडतोय, हे दृश्य डोक्यातून जात नाही. ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने हरलो. सातव्या सामन्यात शेवटच्या मिनिटात दोन गुणांनी मागे असताना डंकनला अगदी रिंगजवळ शेन बॅटिएच्या डोक्यावरून शॉट मिळाला. बुटका डिफेंडर, रोजचा शॉट. तो हुकला. परत पळताना त्याने दोन्ही हात जमिनीवर आपटले. कधी चेहरा न हलवणारा माणूस. मी टीव्ही बंद केला आणि नंतर कित्येक महिने त्या सामन्यांचा विषय निघाला की उठून जायचो.

सहाव्या सामन्यानंतर त्या रात्री पॉपोविच सगळ्या संघाला जेवायला घेऊन गेला, जल्लोषासाठी जे रेस्टॉरंट आधीच ठरवून ठेवलं होतं, तिथेच. मला या माणसाचे सगळे निर्णय पटत नाहीत, पण हा पटतो.

आणि मग २०१४. तोच संघ जवळजवळ तसाच परत आला, वर्षाने म्हातारा होऊन, आणि फायनलमध्ये समोर पुन्हा मायामी. मी आयुष्यात एवढं सुंदर बास्केटबॉल बघितलेलं नाही. पॉपोविचचा नियम असा, की चेंडू हातात आला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं: मारायचा, द्यायचा की घेऊन घुसायचं. धरून उभं राहायचं नाही. समोर चांगला शॉट असला आणि शेजाऱ्याला त्याहून चांगला असला, तर द्यायचा. पार्कर आत घुसतो, दोन डिफेंडर ओढतो, चेंडू बोरिस डिओकडे, डिओकडून कोपऱ्यात डॅनी ग्रीनकडे, ग्रीन मोकळा असूनही आणखी एक पास, आणि शेवटी ज्याच्या आसपास कुणीच नाही तो आरामात मारतो. मायामीचे खेळाडू प्रत्येक पासाला अर्धं पाऊल उशिरा. शेवटीशेवटी तर ते धावायचेच थांबले. त्या संघात अर्जेंटिना, फ्रान्स, ब्राझील, इटली, ऑस्ट्रेलिया अशा ठिकठिकाणची माणसं होती, आणि पासाला भाषा लागत नाही हे जरा घासलेलं वाक्य तिथे खरं होतं. (ड्रेसिंग रूममध्ये पाथरवटाबद्दलचा एक उतारा लावलेला असे, तोही खेळाडूंच्या वेगवेगळ्या भाषांत. दगड फुटतो तो शेवटच्या घावाने नाही, अशा अर्थाचा.)

४-१ ने जिंकलो. जिंकलेला एकही सामना १५ पेक्षा कमी गुणांच्या फरकाचा नव्हता. फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच लेनर्ड, आदल्या वर्षी फ्री थ्रो हुकवलेला, अवघा २२ वर्षांचा. २०१३ नसतं तर मला हे जेतेपद एवढं गोड लागलं नसतं. आणि कुणी विचारलं, की तो सहावा सामना जिंकून २०१४ सोडशील का, तर... नाही. बहुतेक नाही. रे ॲलन दिसला की उत्तर बदलतं.

लेनर्डबद्दल माझं मन अजून साफ नाही. २०१७-१८ मध्ये मांडीच्या दुखापतीवरून त्याचं आणि संघाचं फाटलं, तो नऊच सामने खेळला आणि पुढच्या उन्हाळ्यात टोरँटोला गेला. तिकडे पहिल्याच वर्षी जेतेपद मिळवलं, म्हणजे जखमेवर मीठ. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो क्लिपर्सकडून सॅन अँटोनियोत खेळत असताना प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते, तेव्हा पॉपोविचने चालू सामन्यात माइक हातात घेऊन स्वतःच्याच चाहत्यांना गप्प बसायला सांगितलं. मी तिथे असतो तर हुर्यो उडवणाऱ्यांत असतो, आणि माइक ऐकल्यावर आणखी मोठ्याने ओरडलो असतो.

पॉपोविचवर आणखी एक राग आहे, बाकीचे चाहते चिडतील तरी सांगतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मायामीतल्या सामन्याआधी त्याने डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीनला विमानाने घरी पाठवून दिलं, विश्रांतीसाठी. लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. आम्ही तेव्हा हसलो, कारण राखीव खेळाडूंनीही तो सामना शेवटपर्यंत ताणला होता. पण पैसे साठवून, मुलाला घेऊन डंकनला बघायला आलेला कुणी त्या दिवशी स्टँडमध्ये असणारच. पुढे सगळेच संघ हे करू लागले आणि लीगला त्यावर नियम करावे लागले. त्याची वाट आमच्या लाडक्या कोचने मोकळी केली.

सलग २२ हंगाम प्ले-ऑफ बघितल्यावर जे अंधारे दिवस आले, ते तुम्ही थोडे पाहिलेच आहेत. २०२२-२३ मध्ये २२ विजय, वेम्बन्यामाच्या पहिल्या वर्षीही २२च, मध्ये सलग १८ पराभव. तरी तुम्ही टिकलात, म्हणजे तुम्ही आमच्यातलेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॉपोविचला स्ट्रोक आला आणि मे २०२५ मध्ये त्याने कोचपद सोडलं, नियमित हंगामातले १४२२ विजय आणि पाच करंडक मागे ठेवून. आता मिच जॉन्सन आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेम्बन्यामाच्या खांद्यात रक्ताची गाठ सापडली तेव्हा मी बातमी तीनदा वाचली. तो माणूस उंचीमुळे नाही, पास बघून मला आवडायला लागला. सव्वासात फुटांहून उंच आहे, कुणाच्याही डोक्यावरून मारू शकतो, तरी दोघे अंगावर आले की मोकळ्या माणसाला शोधतो. निदान चांगल्या दिवशी. वाईट दिवशी मध्यरेषेपासून चार पावलांवरून थ्री मारतो आणि मी पडद्याशी बोलायला लागतो.

तेव्हा २००५ बंद करा. २०१४ च्या फायनलचा तिसरा सामना लावा आणि फक्त पहिला हाफ बघा. ७१ गुण केले होते आम्ही, ३३ शॉटपैकी २५ आत. स्कोअर बघू नका, एका चढाईत चेंडू किती हातांतून जातो ते मोजा. तरीही झोप आली तर कळवा, मी तुमच्यासोबत बसून २००५ ला शिव्या घालीन.