प्लॉटचा व्यवहार आधी की मुलीची इंजेक्शनं?

प्रश्न (लातूरच्या एका वाचक ताईंच्या पत्रातून, थोडक्यात): मुलगी नऊ वर्षांची आहे. पाचव्या वर्षी मेंदूत मेड्युलोब्लास्टोमाची, म्हणजे कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं, डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन दिलं, मग किमो. उपचार संपून तीन वर्षं झाली, एमआरआय स्वच्छ आहे. पण उंची वर्षाला जेमतेम तीन सेंटिमीटर वाढते. तपासणीत ग्रोथ हार्मोन कमी निघालं. रोज एक इंजेक्शन सांगितलंय, खर्च सध्या महिन्याला १४,००० रुपये. यजमानांचं कृषी सेवा केंद्र आहे, मी खाजगी शाळेत शिकवते. घरखर्च जाऊन महिन्याला साधारण ९,००० उरतात. एफडी ७,२०,००० ची, शिवाय मुलीचं सुकन्या खातं. बार्शी रोडच्या प्लॉटला सासऱ्यांनी ५०,००० इसार दिलाय. बाकीचे ६,५०,००० तीन महिन्यांत द्यायचेत. सासरे म्हणतात, लेकरू वाचलं हेच खूप झालं, आता उंचीपायी पैसा कशाला घालता? सुकन्या मोडू का? प्लॉट सोडू का?

उत्तर:

ताई, प्लॉट थांबवा. इंजेक्शनं सुरू करा. सुकन्याला हात लावू नका.

तुमच्या सासऱ्यांच्या बोलण्यात माया आहे, ती मला दिसते. नातीला मृत्यूच्या दारातून परत आलेलं त्यांनी पाहिलंय. पण हा खर्च नुसता उंचीचा नाही. डोक्याच्या रेडिएशनमुळे मेंदूतली जी ग्रंथी वाढीचं हार्मोन तयार करते तिलाच मार बसतो. हे हार्मोन हाडांच्या आणि स्नायूंच्या बळालाही लागतं. नऊ वर्षांच्या निरोगी मुलीची उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते; तुमची मुलगी त्याच्या निम्म्यावर आहे. मुलींची हाडं साधारण चौदा-पंधराच्या सुमारास वाढायची थांबतात. त्यात डोक्याला रेडिएशन झालेल्या मुली कधी कधी वेळेआधी वयात येतात, मग ही मुदत आणखी आखूड होते. हाडं एकदा मिटली की नंतर कितीही पैसा आला तरी उपयोग नाही. लातुरात प्लॉट आज नाही तर पाच वर्षांनी मिळेल. महाग मिळेल, लहान मिळेल, पण मिळेल.

आता हिशेब. पत्रावरून वाटतं की तुम्ही या खर्चाकडे एक मोठा डोंगर म्हणून बघताय, म्हणून तो वर्षावर्षाने मांडतो. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे मुलगी वाढेल तसा खर्चही वाढेल, हे आधीच धरा. आज वजन २३ किलो धरू. दुसऱ्या वर्षी २७ किलोला महिना सुमारे १६,४००, तिसऱ्या वर्षी ३२ किलोला १९,५००. तीन वर्षांचे मिळून जवळपास सहा लाख होतात. पण हे सगळे एफडीतून जाणार नाहीत. तुमचे उरणारे ९,००० दरमहा इकडे वळवले तर पहिल्या वर्षी एफडीतून महिना ५,०००, दुसऱ्या वर्षी ७,४००, तिसऱ्या वर्षी १०,५०० काढावे लागतील. तीन वर्षांत एकूण पावणेतीन लाख. म्हणजे व्याज न धरताही एफडीत जवळपास साडेचार लाख राहतात.

प्लॉट घेतला तर मात्र ७०,००० उरतात, आणि त्यातले बरेचसे स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीत जातील. मग दुकानाचा एक हंगाम वाईट गेला की इंजेक्शनं बंद. अधूनमधून घेतलेल्या इंजेक्शनांना अर्थ नसतो. वर्षभराची सोय हाताशी असल्याशिवाय सुरू करू नये, असं मी कोणालाही सांगेन.

कृषी सेवा केंद्राचा पैसा कसा फिरतो ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. जूनमध्ये बी-खत उधारीवर जातं आणि वसुली सोयाबीन अडतीवर आल्यावर, दिवाळीच्या आगेमागे. तुमचे ९,००० ही वर्षाची सरासरी आहे, जुलै-ऑगस्टमध्ये ते हातात नसतील. म्हणून एफडी एकगठ्ठा ठेवू नका. मुदत संपेल तेव्हा तिचे लहान तुकडे करा, त्यातला एक दरवर्षी मेअखेरीस मोकळा होईल असा, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांची इंजेक्शनं त्यातून निघतील. त्याआधी गरज पडली तर सगळी एफडी मोडण्यापेक्षा तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. जेवढे वापराल तेवढ्यावरच व्याज लागतं.

आणखी एक खर्च कोणी सांगत नाही. हे औषध फ्रीजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, आणि गोठलं तर वाया जातं. उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कशी जाते ते तुम्ही जाणता. फ्रीज चालेल असा इन्व्हर्टर नसेल तर आधी तो घ्या. औषध पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून आणणार असाल तर थर्मासचा डबा हवा, आणि बर्फाची पिशवी इंजेक्शनच्या पेनला थेट चिकटू देऊ नका. चौदा हजारांचं औषध बसमध्ये खराब होणं तुम्हाला परवडणार नाही.

डॉक्टरांकडून डोस मिलिग्रॅममध्ये लिहून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या भावात बराच फरक असतो, आणि एका मिलिग्रॅमचा भाव काढल्याशिवाय तो लक्षात येत नाही. मात्र बदल करायचा तर डॉक्टरांना विचारूनच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात होणाऱ्या उपचारांवर आहे. घरी रोज घ्यायच्या इंजेक्शनचा खर्च तिच्यातून निघेल असं धरून चालू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतनीसाला, विचारा जरूर, पण हिशेबात ती रक्कम शून्य लिहा.

सुकन्याचं एवढंच: २०२४ पासून ८.२ टक्के व्याज, तेही करमुक्त. मुलगी अठराची झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. आणि तुमच्या मुलीला हा पैसा इतर मुलींपेक्षा जास्त लागेल. मेंदूच्या रेडिएशननंतर काही मुलांना लक्ष लागायला, पाठांतराला वेळ लागतो. किमोमध्ये सिस्प्लॅटिन हे औषध असेल तर ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो. थायरॉईड तर कायम बघत राहावं लागतं. टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, ते याचसाठी. तुमच्या मुंबईच्या रुग्णालयातली वार्षिक तपासणी चुकवू नका. तिचे २०,००० दरवर्षी वेगळे काढा, प्रवास आणि मुक्काम धरून. एफडीत राहणाऱ्या साडेचार लाखांतून ते सहज निघतात.

यजमानांचा टर्म विमा नसेल तर याच महिन्यात घ्या. मुलीच्या आरोग्य विम्याच्या अर्जात आजार पूर्ण लिहा, काही लपवू नका. कंपनी नकार देऊ शकते; पॉलिसी मिळाली तर जुन्या आजारासाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं.

इसाराचे ५०,००० कदाचित बुडतील. आधी मालकाकडे मुदत वाढवून मागा, नाहीतर तोच व्यवहार दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावे करून द्यायला सांगा. पण ५०,००० वाचवायला साडेसहा लाख घालू नका.

इंजेक्शन सुरू करण्याआधी हार्मोनच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय किती? मुलगी वयात यायला लागली आहे का, म्हणजे ते थांबवण्याचं वेगळं इंजेक्शनही लागेल का? आणि मणक्याला रेडिएशन झालंय, तर किती फायदा धरायचा? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. रेडिएशन झालेला मणका हार्मोन देऊनही कमी वाढतो. पायांना फायदा होतो, धडाला तितका नाही. गाठ परत येण्याची तुम्हाला धास्ती असणारच. आजवरच्या अभ्यासांत या हार्मोनमुळे मूळ कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही, तरी कॅन्सरच्या डॉक्टरांची संमती लेखी घ्या.

सासऱ्यांना हे सगळं एका वर्षापुरतं मागा. वर्षाने उंची मोजून डॉक्टर सांगतील, गुण येतोय की नाही. येत असेल तर पुढचं वर्ष. नसेल आणि डॉक्टरांनीच बंद करायला सांगितलं, तर एफडीतून फक्त साठ हजार गेलेले असतील, आणि प्लॉटबद्दल पुन्हा बोलता येईल.