मासा आणि भाज्या एकाच सळईवर भाजताना मासा तुटतो आणि भाज्या कच्च्या राहतात, काय करावं?

दोन्ही वेगवेगळ्या सळयांवर लावा. कांद्याला, सिमला मिरचीला १०-१२ मिनिटं लागतात, तर माशाचा इंचभर तुकडा ६ ते ८ मिनिटांत होतो. एकत्र लावलं की एकाचं नुकसान ठरलेलंच. रंगीबेरंगी सळई दिसायला छान दिसते हे खरं, पण ती हौस ताटात वाढताना भागवता येते.

मासा घट्ट मांसाचा घ्या: सुरमई, ट्यूना, सामन. पापलेटसारखा नाजूक मासा सळईवर टिकत नाही, तो अख्खाच भाजा. तुकडे सारख्या आकाराचे कापा आणि मॅरिनेट करण्याआधी कोरडे पुसा. लिंबू किंवा व्हिनेगर असेल तर २०-३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, आम्लाने मांस आधीच पांढरं पडून भुसभुशीत होतं आणि मग आचेवर फुटतं. माझ्या मते बहुतेकांचा मासा तुटतो तो इथेच, भाजताना नाही.

जाळी आधी नीट तापू द्या, माशाला तेल लावा, आणि ठेवल्यावर दोन-तीन मिनिटं अजिबात हलवू नका. खालची बाजू खरपूस झाली की तुकडा आपोआप सुटतो. चिकटला असेल तर ओढू नका, अजून थोडं थांबा. तुकडे गोल फिरत असतील तर दोन सळया समांतर घाला. लाकडी असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवून घ्या.

आतून पारदर्शकपणा गेला, काट्याने पदर सुटले की लगेच उतरवा. थर्मामीटर असेल तर ६३ अंश सेल्सिअस.