बांधा सडपातळ, पाय मात्र जाड

प्रश्न : माझी कंबर बारीक आहे, मात्र मांड्या-पोटऱ्या जाड व दुखऱ्या असून किरकोळ धक्क्यानेही काळे-निळे डाग पडतात. हा हत्तीरोग तर नव्हे? — एक वाचक, फोंडा

उत्तर : हत्तीरोगात सूज बहुधा एका पायाला अधिक असते आणि पाऊलही सुजते, आपल्या वर्णनावरून लिपेडिमाची शंका येते, ज्यात त्वचेखाली चरबी साठून दोन्ही पाय सारखेच जाड होतात, पण पावले सहसा सुजत नाहीत. १९४० साली अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी वर्णिलेला हा विकार सडपातळ स्त्रियांतही आढळतो, आणि नेमका तिथेच तो नजरेतून निसटतो. उपाशी राहून ही चरबी फारशी हटत नाही, तेव्हा तो छळ टाळावा. दाब देणारे मोजे (गोव्याच्या दमट हवेत ते नकोसे वाटतात, हे खरे) आणि पोहणे यांनी वेदना कमी होऊ शकते. न झाल्यास लायपोसक्शनचा (चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेचा) विचार होतो. आधी रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.