जेवणाची सुट्टी वेगळी, बाळाला पाजायची सुट्टी वेगळी

बाळंतपणाची रजा संपवून रुजू झालेल्या बहुतेक आया समुपदेशनाला येतात त्या एकच काळजी घेऊन: "मधे दोनदा उठले तर साहेब काय म्हणतील? नोकरी जाईल का?" त्यातलीच ही एक केस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पतसंस्थेत कॅशियर. बाळ सात महिन्यांचं. सकाळी नऊला घर सोडलं की परत यायला संध्याकाळचे सात. दुपारपर्यंत छाती दगडासारखी व्हायची, ब्लाउज भिजायचा. मग जेवणाच्या अर्ध्या तासात डबा न उघडताच ती बाथरूममध्ये जाऊन दूध पिळून बेसिनमध्ये सोडून द्यायची. दुसऱ्या आठवड्यात एका बाजूला गाठ झाली, अंगात कणकण आली. घरी सासूबाई म्हणाल्या, "वरचं दूध सुरू कर गं आता, किती ओढाताण करशील!" व्यवस्थापकांना विचारलं, तर उत्तर आलं, "जेवणाची सुट्टी आहे ना मॅडम, त्यात करा काय ते."

आधी गाठीचं पाहिलं. अशी गाठ जोर लावून मळायची नसते, त्याने सूज वाढते. थंड पट्टी ठेवायची, बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं, त्या बाजूचं दूध बंद करायचं नाही. ताप 24 तासांत उतरला नाही किंवा कातडी लाल होऊन पसरत गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

मग व्यवस्थापकांच्या उत्तराकडे वळलो. ते उत्तर कायद्याला धरून नव्हतं. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायदा, 1961 च्या कलम 11 प्रमाणे कामावर परतलेल्या आईला बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन सुट्ट्या मिळत, आणि त्या नेहमीच्या विश्रांतीच्या वेळेव्यतिरिक्त असत. त्या वेळेचा पगार कापता येत नव्हता, हे कलम 13 मध्ये होतं. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे, आणि तिच्यातही हा हक्क तसाच ठेवला आहे, कलम 66 मध्ये. दुकानं-कार्यालयांत दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की तो लागू होतो, आणि एजन्सीमार्फत लागलेल्या बाईलाही मिळतो. सुट्टी किती मिनिटांची, हे नियमांवर सोडलेलं आहे. सहसा ती 15 मिनिटांची धरतात. जिथे 50 किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे.

एक अडचण मात्र खरी आहे. कायद्याचे शब्द बाळाला पाजण्याबद्दल आहेत, दूध काढून ठेवण्याबद्दल नाहीत. बाळ घरी आणि आई काउंटरवर असेल तर कोणी यावर अडून बसू शकतं. म्हणून तोंडी विनंती पुरत नाही. लेखी अर्ज द्यायचा, त्यात वेळा आणि व्यवस्था दोन्ही सुचवायची. तिच्या अर्जाचा गाभा एवढाच होता (आता अर्ज करताना कलम 11 ऐवजी संहितेचं कलम 66 लिहावं):

"माझं बाळ सात महिन्यांचं असून स्तनपान सुरू आहे. कलम 11 प्रमाणे दुपारी 12 आणि साडेतीन वाजता प्रत्येकी 15 मिनिटांची सुट्टी मिळावी. या वेळात दूध काढून ठेवण्यासाठी रेकॉर्ड रूम वापरण्याची परवानगी द्यावी. त्या वेळी काउंटर कोणी सांभाळायचा ते ठरवून द्यावं, ही विनंती."

सोबत डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी जोडली आणि पोच घेतलेली प्रत घरी ठेवली. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कॅशियर गल्ला तसाच टाकून उठू शकत नाही. रोकड मोजून, ड्रॉवरला कुलूप लावून, बदली माणसाला बसवायचं म्हटलं की त्यातच पाच मिनिटं जातात. व्यवस्थापकांचा विरोध खरं तर या भीतीपोटी होता. क्लार्कला वेगळी छोटी रोकड देऊन त्या वेळेपुरतं बसवायचं ठरलं, आणि परवानगी मिळाली. महिनाअखेरच्या गर्दीत साडेतीनची सुट्टी चारवर जाते, तेवढी तडजोड तिने मान्य केली. बारा वाजताची मात्र ढकलायची नाही, कारण सकाळच्या पाजण्यानंतर ताण तेव्हाच सर्वांत जास्त असतो.

आता जेवणाच्या वेळेत ती जेवते. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण भूक मारून दूध काढणाऱ्या बायका सतत भेटतात. बाळ सहा ते बारा महिन्यांचं असताना पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 520 कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) सांगते. डबा तसाच परत नेणाऱ्या बाईच्या अंगावर ती तूट निघते.

दूध ती हातानेच काढते. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटीमीटर मागे. आधी छातीकडे दाबायचं, मग चिमटीत आणायचं. कातडीवरून बोटं घासली तर सोलवटतं आणि दूधही नीट येत नाही. झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या डबीत काढून वर वेळ लिहायची. 25 अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये तेवढा भरवसा नको, लगेच फ्रिजमध्ये ठेवावं. फ्रिजमध्ये चार दिवस चालतं. घरी नेताना गोठवलेले जेल पॅक घातलेली पिशवी वापरावी.

घरी एक गैरसमज हमखास होतो. थंड दुधावर सायीचा थर वेगळा दिसतो आणि आजी "फाटलं" म्हणून ओतून देतात. ते फाटलेलं नसतं. डबी कोमट पाण्यात ठेवून हलकं फिरवलं की पुन्हा एकजीव होतं. उकळायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं नाही, वाटी-चमच्याने पाजायचं. उष्टं राहिलेलं दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यावं.

लेखी अर्ज देऊनही नकार आला, तर तो लेखी मागावा. तोंडीच मिळाला तर त्याच दिवशी ईमेलने कळवावं: "आज आपण असं सांगितलंत." मग अर्जाची प्रत, बाळाचा जन्मदाखला आणि पगारपत्रक घेऊन जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्यावी. बाळ 15 महिन्यांचं झालं की हा हक्क संपतो, त्यामुळे महिनोन्महिने वाट पाहणं परवडत नाही.