एलियन ३: आधी मिनिटं बघा

तुमच्या पोस्टमधली तक्रार फार ओळखीची आहे. ‘एलियन्स’ (१९८६) संपवून त्याच रात्री ‘एलियन ३’ लावला, आधीच्या भागात वाचलेली छोटी न्यूट आणि सैनिक हिक्स सुरुवातीलाच गेले, मग सगळे टक्कल केलेले कैदी आणि बोगद्यांतली पळापळ. शेवटी तुम्ही विचारलंय, “तो वेडा गोलिक मध्येच कुठे गेला?” या एका प्रश्नावरूनच कळतं की तुम्ही १९९२ ची थिएटरमधली आवृत्ती पाहिलीत. (पुढे कथा उघड होते.)

दुसरी आवृत्ती म्हणजे २००३ च्या डीव्हीडी संचात आलेला असेंब्ली कट, म्हणजे कापलेले प्रसंग परत जोडलेली लांब आवृत्ती. थिएटरची आवृत्ती सुमारे ११४ मिनिटांची, असेंब्ली कट सुमारे १४५ चा. पोस्टरवर किंवा वर्णनावर विसंबू नका, लांबी बघा. जुनी पाल (PAL, टीव्हीची एक पद्धत) डीव्हीडी असेल तर ती सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमच्या वेगाने धावते, म्हणून वेळ चार टक्क्यांनी कमी दिसते: १४५ चे १३९, ११४ चे ११० च्या आत. तरी शंका राहिली तर सुरुवात बघा. तुरुंगाचा डॉक्टर क्लेमेन्स याला नायिका रिप्ली समुद्रकिनाऱ्यावर सापडते आणि तिचं यान बैल ओढतात, तर तो असेंब्ली कट; त्यात एलियन बैलातून जन्मतो. कुत्रा दिसला की थिएटरची; तिथे एलियन कुत्र्यातून जन्मतो.

हे शोधताना माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका ओटीटीच्या मदतकक्षाने. विचारलं एवढंच, की तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे. उत्तर आलं, ॲप अपडेट करा. पुन्हा लिहिलं तर तक्रार परस्पर बंद. पैसे भरणाऱ्याला आपण काय बघतोय हे कळू नये, हे मला अजिबात पटत नाही. भाड्याने घेण्याआधी मिनिटं तपासा, पैसे परत मिळतीलच असं नाही.

आता गोलिक. आग लावून एलियनला कोंडण्याचा बेत थिएटरच्या आवृत्तीत नुसता फसतो, माणसं जळतात आणि गोष्ट पुन्हा जिथल्या तिथे. असेंब्ली कटमध्ये तो बेत यशस्वी होतो. ज्युनियर नावाचा कैदी जीव देऊन एलियनला अणुकचऱ्याच्या कोठडीत घेऊन जातो आणि दार बंद होतं. मग गोलिक पहारेकऱ्याला मारून ते दार उघडतो, कारण एलियन त्याला दैवी वाटतो. हाच धागा कापल्यामुळे उत्तरार्ध दिशाहीन वाटतो. आधी नेमलेला दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड याच्या मूळ कल्पनेत लाकडी ग्रहावरचा मठ होता. कैद्यांची धार्मिकता तिथूनच आलेली आहे. गोलिक गेला की त्या धार्मिकतेला कामच उरत नाही. पटकथा पक्की नसताना चित्रण सुरू झालं की असंच होतं.

पण याला ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणू नका. चित्रपटाचा दिग्दर्शक डेव्हिड फिंचर या जुळवणीत नव्हता. शिवाय २००३ च्या डीव्हीडीवर भर घातलेल्या काही प्रसंगांचा आवाज सेटवरचाच, इतका अस्पष्ट की खाली सबटायटल्स द्यावी लागली. २०१० च्या ब्लू-रेसाठी कलाकारांकडून ते संवाद पुन्हा बोलून घेतले. म्हणून घ्यायचीच तर ब्लू-रे घ्या. एलियनभोवती जी हिरवट कड दिसते, ती मात्र तुमच्या टीव्हीचा दोष नाही. दांड्यांवर चालवलेली बाहुली वेगळी चित्रित करून ऑप्टिकल पद्धतीने दृश्यात बसवली होती, ती खूण राहिली. आणि माझं मत विचाराल तर चार पायांवर धावणाऱ्या एलियनला बैलापेक्षा कुत्राच शोभतो.

न्यूट आणि हिक्स दोन्ही आवृत्त्यांत मरतात. तो राग कोणत्याही कटने जाणार नाही, आणि तो रास्तही आहे. तरी न्यूटच्या शवविच्छेदनाचा प्रसंग नीट बघा. रिप्ली कॉलराचं कारण पुढे करते, क्लेमेन्स सांगतो की दोनशे वर्षांत कॉलराचा रुग्ण झालेला नाही. आत एलियन नाही ना, याची तिला छाती उघडूनच खात्री करून घ्यायची असते, आणि कॅमेरा जखमेपेक्षा तिच्या चेहऱ्यावर जास्त थांबतो. मालिकेत शोकाला एवढी जागा दुसरीकडे मिळालेली नाही.

बघताना ‘एलियन्स’नंतर निदान आठवडा जाऊ द्या. टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद, खोलीत अंधार, इंग्रजी सबटायटल्स चालू, कारण ब्रिटिश उच्चार आणि एकसारखी डोकी यांत नावं निसटतात. डिलन (चष्मा), क्लेमेन्स (डॉक्टर), अँड्र्यूज (तुरुंगाधिकारी), एरन (‘८५’), मोर्स आणि गोलिक, एवढे सहा चेहरे पहिल्या अर्ध्या तासात पक्के करा.