इसोला बेला: सव्वा तासाची बोट घेऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मिलानहून एका दिवसात इसोला बेला (इटलीतल्या माज्जोरे सरोवरातलं राजवाडा नि बागेचं बेट), सोबत सत्तरीचे आई-बाबा, आणि काठावरच्या स्ट्रेसा गावात एक जण बोट नि प्रवेश असं एकत्र तिकीट देतोय, तर सव्वा तास पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. हाच प्रश्न आम्हीही विचारला होता, पण पैसे देऊन झाल्यावर.

नाही पुरत. गाडी, हॉटेल वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. बोटीचंच सांगते.

काठावरच्या एका तिकीटखिडकीवर आम्हाला सांगितलं, "सगळे तासाभरात बघून येतात." चार तिकिटं काढली. परतीला तीच बोट, ठरलेल्या वेळेला, हे तिकिटावर बारीक अक्षरात होतं, ते बोटीत बसल्यावर वाचलं. दुसरी गोष्ट तर कोणी सांगितलीच नाही: राजवाडा आणि बाग मिळून एकच वाट आहे. आधी राजवाडा, त्याच्या खालची गुहेसारखी थंडगार दालनं (सहा आहेत, भिंतीभर गोटे नि शिंपले जडवलेले), मग भिंतीवर टांगलेल्या विणलेल्या फ्लेमिश चित्रपडद्यांचं दालन, आणि बाग सगळ्यात शेवटी. बागेसाठी गेलेल्या माणसाचा सगळा वेळ आतच संपतो.

माझ्या बाबांनी आयुष्यभर सांगलीच्या घराच्या गच्चीवर कुंड्या सांभाळल्या. त्यांना फक्त बाग बघायची होती. मूळचा नुसता खडक आणि कोळ्यांची चार घरं, तिथे बोटींनी माती आणून दहा गच्च्या रचल्यात, हे त्यांनी वाचून ठेवलं होतं. १६३२ च्या सुमारास बेटाचे मालक असलेल्या बोर्रोमेओ घराण्यातल्या तिसऱ्या कार्लोने काम काढलं, बायको इझाबेलाच्या नावावरून बेटाला नाव पडलं, आणि बाग उभी राहीपर्यंत मुलाचा, सहाव्या वितालियानोचा काळ आला. आमच्या हातात बागेसाठी पंचवीस मिनिटं उरली.

त्यातही राजवाड्यातून बागेत जाताना जे डायनाचं दालन लागतं, तिथे बाबा थांबले. बेटाचा आकारच असा की राजवाडा आणि बाग एका रेषेत येत नाहीत. तो तिरपेपणा लपवायला मध्ये हे कोनाकोनाचं दालन आणि दोन बाजूंना जिने घातलेत. वर आलं की वाटतं आपण सरळच आलो. बाबा ते मला समजावत होते आणि मी "चला, चला" करत होते. पुढे कापराचा प्रचंड वृक्ष आहे, १८२० च्या आसपास लावलेला. आईने खाली पडलेलं पान चुरगळून हुंगलं, "अगं, आरतीचा वास!" म्हणाली, आणि मी तिलाही ओढलं. वरची एकशिंगी घोड्याची मूर्ती, पांढरे मोर, भिंतीला बांधून वाढवलेली लिंबाची झाडं, सगळं चालता चालता. दक्षिण टोकाच्या दोन बुरुजांपैकी एकाचं नाव नोरिया, म्हणजे आपला रहाट. सरोवराचं पाणी वर चढवायची यंत्रणा तिथे होती. बाबांना तेच बघायचं होतं. तिथपर्यंत पोचलोच नाही.

धक्क्यावर येऊन पुढच्या बोटीने जाऊ का विचारलं, तर नाही, नवीन तिकीट काढा. परतल्यावर खिडकीवर तक्रार केली, त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही. राग येतो अजून. पण खरी चूक माझी. ती बोट जाऊ द्यायला हवी होती. परतीचं साधं तिकीट थोडक्या युरोंत मिळालं असतं. तेवढे वाचवायला मी आई-बाबांना पायऱ्यांवरून पळवलं.

म्हणून माझं मत ठाम आहे: सार्वजनिक बोटसेवेचा पास घ्या, म्हणजे कुठल्याही बोटीने परत येता येतं. तिची वारंवारिता कमी असते, धक्क्यावर थांबावं लागतं, चालेल. खाजगी बोटवाले सगळे वाईट असं म्हणत नाही. परतीची वेळ मोकळी आहे का, तेवढं पैसे द्यायच्या आधी विचारा. बेटाला कमीत कमी अडीच तास द्या. राजवाडा भराभर उरकलात तरी चालेल, मोठ्या दिवाणखान्यात आणि गुहांत थांबा. माझा अनुभव काही वर्षांपूर्वीचा आहे, दर आणि वेळा अधिकृत संकेतस्थळावर बघा. हिवाळ्यात बंद असतं.

इसोला बेला, इसोला माद्रे आणि मच्छीमारांचं बेट, ही शेजारची तीन बेटं एका दिवसात करा असं बरेच जण सांगतील. ज्येष्ठांसोबत करू नका. वेळ उरलाच तर इसोला माद्रे. चढ कमी, आणि तिथला काश्मीर सायप्रस नावाचा मोठा वृक्ष २००६ च्या वादळात उन्मळला होता, तो पोलादी दोरांनी ताणून पुन्हा उभा केलाय. मच्छीमारांच्या बेटावर जेवायची सोय आहे, पण शाकाहारी असाल तर दशम्या सोबत ठेवा.

आईंचे गुडघे कसे आहेत ते लिहा. बागेत गच्चीवरून गच्चीवर पायऱ्याच आहेत. त्यांना सगळ्यात वर जायचं नसेल तर कापराच्या झाडाजवळ बसवून तुम्ही दोघं वर जाऊन या.