तिसऱ्या वर्षाच्या वर्गात प्रश्न कसा विचारावा?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला पुंजयांत्रिकी (क्वांटम मेकॅनिक्स) शिकवतो. विद्यार्थी फळ्यावरच्या सिद्धता निमूटपणे उतरवून घेतात आणि ‘समजले का?’ असे विचारल्यावर माना डोलावतात. संवादी पद्धती पहिल्या वर्षापुरत्याच ठीक, असे माझे सहकारी म्हणतात. गणिताने भरलेल्या विषयात त्या चालतील का?
– एक प्राध्यापक, नाशिक

उत्तर : चालतील. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक मॅझुर यांनी १९९१मध्ये आधी मत, मग शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत ही पद्धत प्रारंभिक भौतिकशास्त्राच्या वर्गात सुरू केली हे खरे. पण अमेरिकेतीलच ओरेगॉन स्टेट विद्यापीठाने १९९७पासून वरच्या वर्षांचे भौतिकशास्त्र याच दिशेने नव्याने बांधले.

‘समजले का?’ या प्रश्नाला होकाराखेरीज उत्तर मिळणे कठीणच. त्याऐवजी असे विचारून पाहा : अनंत खोल विभवकूपातील (ज्यातून कण बाहेर पडूच शकत नाही अशा बंदिस्त जागेतील) कणाची अवस्था पहिल्या दोन ऊर्जा-अवस्थांचे समसमान मिश्रण असेल, तर ऊर्जेच्या एकाच मापनात काय मिळेल? पर्यायांत अडीच E₁ अवश्य ठेवा (E₁ म्हणजे पहिल्या अवस्थेची ऊर्जा; दुसरीची ४E₁). ती अनेक मापनांची सरासरी आहे, एका मापनाचे फळ नव्हे (ते E₁ किंवा ४E₁ असते). तरीही सरासरी काढण्यात तरबेज असलेला विद्यार्थी नेमका तिकडेच वळतो. चुकीचे पर्याय असे विद्यार्थ्यांच्याच उत्तरपत्रिकांतून उचलावेत, कारण प्रश्नाची सारी ताकद तिथे असते. मतदानाचे यंत्र नसले तरी अ, ब, क, ड लिहिलेले पुठ्ठे पुरतात.

आधी प्रत्येकाने न बोलता मत द्यावे. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरे बरोबर असतील, तर शेजाऱ्याशी चर्चा करायला सांगून पुन्हा मत घ्यावे. त्याहून कमी असतील, तर चर्चेत आंधळाच आंधळ्याला वाट दाखवतो, तेव्हा संकल्पना आधी पुन्हा मांडावी. यानंतर, E₁ मिळाल्यावर लगेच पुन्हा ऊर्जा मोजली तर काय, आणि मध्ये स्थान मोजले तर काय, हे विचारले की वर्गात खरा वाद सुरू होतो.

सिद्धतांसाठी ओरेगॉनप्रमाणे तिघांत एक छोटा पांढरा फळा द्यावा आणि सीमाअट (कूपाच्या कडेला उत्तराने पाळायची अट) लावण्यासारखी एकच निर्णायक पायरी त्यांच्याकडून करून घ्यावी. उरलेली बीजगणिती आकडेमोड पुस्तकातून घरी वाचायला दिली, तरच अभ्यासक्रम वेळेत संपतो.

विद्यार्थी कुरकुरतील. हार्वर्डमध्येच २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सक्रिय (स्वतः प्रश्न सोडवायला लावणाऱ्या) वर्गातील विद्यार्थ्यांना आपण कमी शिकलो असे वाटले, प्रत्यक्ष चाचणीत मात्र ते अधिक शिकलेले आढळले. म्हणून हा निष्कर्ष सत्राच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून टाकावा, आणि या मतदानाला गुण ठेवू नयेत.